डुकरांची खांदेमळणी

आबा, नातीच्या गुडघ्याची सूज उतरली. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला वेळ लागेल आणि पाल्हाळ तुम्हाला कधीच आवडलं नाही. काल ती जिना उतरली, कठडा न धरता. खाली पोचल्यावर वर बघून ओरडली, "आजी, बघितलंस का?" मी बघितलं होतं. तरी म्हटलं, "नाही बाई, चष्मा आत राहिला. परत उतर." ती वर आली, परत उतरली आणि मग तिच्या लक्षात आलं की चष्मा माझ्या नाकावरच आहे. "लबाड आहेस," म्हणाली आणि हसत सुटली. तिचं असं मोकळं हसणं वर्षभर या घरात ऐकू आलं नव्हतं.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच अर्ध्या चड्डीत होता. ती आता दहावीत आहे. मागच्या वर्षी एक दिवस सकाळी उठल्यावर तिला वेणी घालता येईना. बोटं आखडलेली. आम्हाला वाटलं, मोबाइलचा प्रताप. मग उजवा गुडघा फुगला, हात लावला तर गरम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, सांधेवात आहे, पण म्हातारपणाचा नव्हे. अंगाची राखण करणारी जी शक्ती असते, तीच चुकून आपल्याच सांध्यांवर उलटलीय. गोळ्या झाल्या. एका गोळीनं तिचा चेहरा सुजला आणि वर्गातल्या मुली काहीबाही बोलल्या. शेवटी डॉक्टरांनी घरी घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं आणि स्पष्ट सांगितलं: आता उशीर केला तर सांधा आतून झिजेल, आणि झिजलेला सांधा कुठलंही औषध परत आणून देत नाही.

इंजेक्शन आणलं, फ्रीजमध्ये ठेवलं आणि नात म्हणाली, मी घेणार नाही.

ती सोसायटीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालते, अंडं सोडलंय, रस्त्यात गोगलगाय दिसली तर उचलून कडेला ठेवते. तिनं कुठंतरी वाचलं होतं की सूज उतरवणारी औषधं माणसाला द्यायच्या आधी डुकरांवर करून बघतात, कारण डुकराची कातडी, सांधे, आतडी आपल्यासारखी असतात. "आधी त्यांना सूज आणतात," ती म्हणाली. "मुद्दाम. मग औषध देतात. आणि मग मारतात. माझ्यासाठी कुणी मरायला नकोय." सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं मग काय माणसांना सूज आणायची?" मुलगा म्हणाला, "जी मेली ती मेली. तू इंजेक्शन घेतलं नाहीस म्हणून उठून परत येणार आहेत का?" बोलणं बरोबर होतं, पण असं बरोबर बोलून कुणाचं मन वळलेलं मी अजून पाहिलेलं नाही. दार आपटलं. फ्रीजमध्ये ते इंजेक्शन दह्याच्या पातेल्याशेजारी पडून राहिलं, आणि येताजाता सगळे त्या फ्रीजकडं बघायचे.

मी गॅलरीत बसून विचार करत होते. या घरात डुकरांबद्दल सगळेच बोलतायत, पण डुक्कर ज्याला ठाऊक आहे असं माणूस एकच आहे, आणि ती मी. तुमच्यामुळं. नातीला मी हे कधी सांगितलेलंच नव्हतं. लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, एवढंच.

आपल्या विश्रांतवाडीकडच्या जमिनीवर आता इमारती आहेत. तुमचं आंब्याचं झाड जिथं होतं, तिथं गाड्या धुतात. शेत गेलं, मागोमाग बैलजोडी गेली, आणि तुम्ही त्या औषधांच्या प्रयोगशाळेत जनावरांच्या गोठ्यावर लागलात. गोठा आपण म्हणायचो. तिथं फरशी होती, पंखे होते आणि बैलांच्या जागी पांढरी डुकरं होती. गावातले लोक पारावरून विचारायचे, "काय पाटील, आता डुकरं राखता व्हय?" तुम्ही म्हणायचात, "व्हय. तुमच्यापरीस शांत हायती." आई मात्र तुम्हाला घरात घ्यायची नाही. बाहेरच्या नळावर आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग उंबरा. तुम्ही थंडीतसुद्धा कुरकुर न करता नळाखाली बसायचात आणि मी टॉवेल घेऊन उभी राहायची. त्या वेळी तुम्ही दिवसभरातलं सांगायचात. माझी खरी शाळा ती. दुसरी सातवीतच संपली.

तुमच्या तिथल्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे बाई म्हणायचे, त्या पेठेतल्या होत्या. बोलणं कोरडं, खास तिकडचं. पहिल्याच दिवशी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "जनावराला मारता का?" तुम्ही म्हणालात, "कुळवाला जुपल्यावर कधीमधी." बाई म्हणाल्या, "इथं कुळव नाही. त्यामुळं ती सोय नाही." मग त्यांनी तुम्हाला ती झोळी दाखवली. जाड कापडाची, लोखंडी चौकटीला बांधलेली, चार पायांना चार भोकं. डुक्कर तिच्यात ठेवलं की पाय खाली लोंबतात, पोट कापडावर टेकतं आणि रक्त काढता येतं, मलम लावता येतं. पण डुक्कर तिच्यात आनंदानं जायला हवं. ओढून, बांधून घातलेलं चालणार नाही. का चालणार नाही, ते बाईंनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही संध्याकाळी नळाखाली बसून मला सांगितलंत: जनावर घाबरलं की त्याच्या अंगातच एक द्रव्य सुटतं, आणि ते द्रव्य आपणहून सूज दाबतं. मग सूज औषधानं उतरली की भीतीनं, हे कळत नाही. "म्हंजे बघ," तुम्ही म्हणालात, "घाबरलेलं डुक्कर खोटं बोलतं." आई आतून म्हणाली, "आणि माणूस?" तुम्ही डोक्यावर तांब्या ओतत म्हणालात, "त्याला घाबरायची तरी कुठं गरज पडती!"

मग तुम्ही डुकरांना झोळीची सवय लावायला बसलात. आई रताळी उकडून द्यायची; नाक मुरडून द्यायची, पण मीठ न घालता, निवडून, मऊ अशीच द्यायची. झोळीशेजारी बसायचं, रताळं द्यायचं, कानामागं खाजवायचं आणि काहीच करायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत. शेवटी डुकरं स्वतःहून झोळीकडं यायला लागली, आणि एक तर झोळीत चक्क झोपून घोरायचं. मी डबा घेऊन आले की मला दाखवायचात. एवढं सुखावलेलं जनावर मी आपल्या बैलांतही पाहिलं नव्हतं. त्याच सुमाराची गोष्ट: मी धाकट्या भावाला भांडणात 'डुक्कर' म्हटलं आणि तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणालात, "त्यानं अजून तेवढं काय केलं न्हाई." तेवढंच. नंतर आपल्या घरात ही शिवी कुणी दिली नाही.

माझ्या लग्नाच्या बोलणीत आईनं मला बजावलं होतं की आबा 'औषधांच्या प्रयोगशाळेत' असतात असं म्हणायचं. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "डुकरं सांभाळतो." पाहुण्यांचे कप बशीवर टेकले. तेव्हा नवरामुलगा, स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक असलेला, हातांची नखं काळी, म्हणाला, "चावतात का?" तुम्ही म्हणालात, "तुमी चावला न्हाईत तर न्हाई." तो एवढा हसला की चहा सांडला. आबा, ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत चारचौघांत सांगायचे, "आमचे सासरे डुकरांचे मास्तर होते." पलंगावर त्यांची बाजू आता पुस्तकांची आहे. नारायण पेठेत बाइंडिंगच्या कारखान्यात मी छापील कागदांच्या घड्या घालायची तेव्हापासूनची ही सवय. एका फर्म्यावर, म्हणजे एका मोठ्या कागदावर, सोळा पानं. घडी घालता घालता जेवढं दिसेल तेवढं वाचायचं. कित्येक पुस्तकांचा मला मधलाच भाग माहीत होता. मग ते पगार झाला की त्यातलं एखादं विकत आणायचे आणि म्हणायचे, "घे, आता कोण मेलं ते बघ." त्यांच्या जागी हात गेला की पुठ्ठा लागतो. त्याची सवय होत नाही, पण त्यासकट झोप लागते.

दार आपटलं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी नातीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "तुझ्या पणजोबांची एक गोष्ट आहे. डुकरांची आहे. ऐकायची तर ऐक, इंजेक्शनचं मी बोलणार नाही." तिनं कानातले इअरफोन काढले. मी तिला नळ, झोळी, रताळं सगळं सांगितलं. आणि मग पोळ्याचं सांगितलं.

त्या वर्षी गोठ्यात मलमाचा प्रयोग चालू होता. डुकरांच्या खांद्यावर आणि पाठीवर छोट्या छोट्या जागी लाली आणली होती, काहींवर नवं मलम होतं, काहींवर नुसतं साधं, आणि बाई रोज लाली किती, सूज किती, ते मोजायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. दरवर्षी त्या वेळी तुम्ही बैलांची खांदेमळणी करायचात. जू ओढून सुजलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आता बैल नव्हते. हाताला मात्र दिवस कळला होता. तुम्ही घरून वाटीत हळद आणि तूप नेलंत, आणि एकेका डुकराचे खांदे चोळलेत. आवतणही दिलंत.

पोळ्याच्या सकाळी मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दारात पोचले तेव्हा बाई आत उभ्या होत्या आणि सगळी डुकरं पिवळी होती. बाईंनी विचारलं, "हे पिवळं काय आहे?" तुम्ही लगेच म्हणालात, "हळद. काल खांदेमळणी हुती." बाई म्हणाल्या, "खांदेमळणी बैलांची असते." तुम्ही म्हणालात, "ज्येच्या खांद्यावर जू, त्येची. लोकांचं दुखणं वढत्यात की ही." बाईंनी एका डुकराच्या खांद्यावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "आणि आज पुरणपोळीही देणार होतात की काय?" तेव्हा तुम्ही दाराकडं बघितलंत. बाईंनीही बघितलं. मी डबा मागं लपवला, पण वास कुठं लपवणार?

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हळद सूज उतरवते हे तुमच्या आजीलाही माहीत होतं. मग आता ह्यांची सूज माझ्या मलमानं उतरली की तुमच्या हळदीनं, ते मला सांगा. नाही सांगता येणार. म्हणजे एवढे दिवस ह्यांना जे दुखलं, ते फुकट गेलं. मलम वाया गेलं त्याचं मला काही नाही. ह्यांचं दुखणं वाया गेलं." तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, शेताच्या कागदावर सही करतानाही नव्हता. बाई निघाल्या, दारात माझ्याजवळ थांबल्या. "एका वेळी एकच औषध," त्या मला म्हणाल्या, जणू मीच हळद लावली होती. "नाहीतर गुण कुणाचा ते कळत नाही." मग डब्याकडं बघून, "माझ्यासाठी एक ठेव. तूप जास्त."

पुढच्या वर्षापासून पोळ्याच्या आगेमागे बाईंनी एकही प्रयोग धरला नाही. पोळ्याला डुकरांना सुट्टी. हळदीला बंदी, पण कोमट पाण्यानं खांदे चोळायची मुभा. तुम्ही झेंडूच्या माळा घातल्यात आणि डुकरांनी त्या एकमेकांच्या गळ्यातून खाल्ल्या. हे सांगितलं तेव्हा नात हसली. मग तिनं तेच विचारलं, जे ती विचारणार हे मला ठाऊक होतं. "आणि शेवटी? शेवटी त्यांचं काय व्हायचं?"

आबा, मला खोटं सांगता आलं असतं. म्हातारी बाई, पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण तपासणार? पण मी सांगितलं. प्रयोग संपला की बहुतेक वेळा त्यांना मारायचेच. आतून काय झालंय ते बघावं लागायचं. त्या दिवशी तुम्ही बाईंना सांगून ते शेवटचं इंजेक्शन झोळीतच द्यायला लावायचात. तोंडात रताळं, कानामागं तुमचा हात. घाबरायचं काही कारण त्यांना मिळायचं नाही. घरी येऊन तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ नळाखाली बसायचात, आणि आई ताट झाकून ठेवायची. मी एकदा म्हटलं होतं, "आबा, एवढं वाईट वाटतं तर सोडा ना ही नोकरी." तुम्ही म्हणालात, "मी सोडली तर दुसरा कुणीतरी धरंल. त्याला कानामागं खाजवायचं ठावं नसलं तर?"

"त्यांची काही नावं असायची?" नातीनं विचारलं. मी म्हटलं, "नाही. नंबर होते. पण हाक मारताना सगळ्यांना 'बाळा' म्हणायचे." ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी उठून आले. मला वाटलं, आपण सगळं बिघडवलं. खरं सांगून लोकांचं भलं होतंच असं काही मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

दोन दिवसांनी ती लंगडत स्वयंपाकघरात आली. फ्रीज उघडला, इंजेक्शन काढून ओट्यावर ठेवलं. "गार टोचलं तर दुखतं, जरा वेळ बाहेर राहू दे," म्हणाली. सुनेच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मग माझ्याकडं वळून, "आजी, हे त्यांचं दुखणं फुकट घालवायचं नाही म्हणून घेतेय. पटलंय असं नाही. मोठी झाले की डुकरं न लागता औषध तपासायचं काहीतरी शोधणारेय मी." मी म्हटलं, "शोध. त्याला गुडघे लागतात." ती म्हणाली, "आणि रताळं उकड."

तर आबा, दर वेळी असं चालतं. ती खुर्चीत बसते, तोंडात उकडलेलं रताळं, मीठ न घातलेलं. सून मांडीत सुई टोचते आणि मी कानामागं खाजवते. पहिल्यांदा सून म्हणाली, "काय वेडेपणा चाललाय तुम्हा दोघींचा?" आता रताळी तीच आणते. काही आठवडे काहीच फरक दिसला नाही. शेजारच्या वहिनींनी तीनतीनदा सुचवलं, "अहो, आंबेहळदीचा लेप लावून बघा, लगेच उतार पडतो." माझे हात शिवशिवायचे. पण मी म्हटलं, "नको हो वहिनी. एका वेळी एकच." त्यांना वाटलं असेल, म्हातारी फार शिकली. मग एक दिवस नातीनं स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडीतिकडी होती. दिवसभर मी तिला ती सोडू दिली नाही.

परवा पोळ्याचा आदला दिवस होता. मी दरवर्षी कणकेचे दोन बैल करते आणि शेजारी तिसरं एक जनावर ठेवते. आल्यागेल्यांना वासरू म्हणून सांगते. नात त्याच्याकडं बघून म्हणाली, "वासराला असं नाक नसतं." मी म्हटलं, "माहीत आहे." तिनं तिघांचे खांदे हळदीनं माखले. आणि मग वाटीत बोटभर हळद उरली, तूप उरलं, आणि समोर तिचा गुडघा होता. सूज उतरलेली होती. हात गेला, आबा. मी चोळली. ती म्हणाली, "आजी, प्रयोग बिघडेल." पण तिनं पाय काढून घेतला नाही.

आज डॉक्टरांकडं गेलो. पुढं कागदाचं हे भेंडोळं घेऊन बसलेय ते त्यामुळंच. डॉक्टर खूश होते, गुडघा वाकवून, दाबून बघितला. औषध फार छान लागू पडलं म्हणाले, असंच चालू ठेवू. मग वाकून म्हणाले, "हे पिवळं काय आहे?"

तेच शब्द, आबा. नात म्हणाली, "हायलायटर. अभ्यास करताना लागला." आणि तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तुम्ही असतात तर ताबडतोब म्हणाला असतात, हळद, परवा खांदेमळणी होती. मी दारात डबा धरून तुमच्याकडून ते शिकले होते, आयुष्यभर शिकले होते.

मी काही बोलले नाही. पदराखाली हात घेऊन बसले. बोटं अजून पिवळी होती.